माझ्या डोक्यामागचा चंद्र

ज्या चंद्रावर मला डॉक्टरेट मिळाली, तो चंद्र माझ्या टकलाचा आहे. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कॉलेजातल्या कुणाला नाही, आणि ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्या माझ्या मार्गदर्शक सरांना तर नाहीच नाही.

मी मुळात कमी बोलणारा माणूस. वर्गात तास संपायच्या आधी माझं बोलणं संपतं, मग मी पुन्हा एकदा हजेरी घेतो. त्यामुळे न सांगणं मला जड गेलं नाही; न सांगता जगणं जड गेलं. कोजागिरीला मसाला दूध पिताना सगळे वर बघतात. मी खाली पेल्यात बघतो, तर तिथेही तोच.

आता गप्प बसून भागणार नाही, कारण सरांचं पुस्तक छापायला चाललं आहे. आयुष्यातलं पहिलं. त्यातला सर्वांत मोठा लेख त्या चंद्रावर आहे, मुखपृष्ठावरही चंद्रच आहे, आणि प्रस्तावना मी लिहावी अशी सरांची इच्छा आहे. खरं तर मी ती प्रस्तावना लिहायलाच बसलो होतो. पहिलं वाक्य लिहिलं, ते वर आहे. पुढे थांबता आलं नाही.

शहाद्याच्या एका कॉलेजात मी मराठी शिकवतो. पीएच.डी.ला मी विषय घेतला होता तो असा: लग्नात दोन्हीकडच्या बायका एकमेकींच्या माणसांना गाण्यातून ज्या शिव्या घालतात, त्यांचा चार भाषांमधला तौलनिक अभ्यास. प्रबंधाच्या पुठ्ठ्यावर 'शिव्या' असं सोनेरी अक्षरांत लिहिता येत नाही, म्हणून 'विवाहप्रसंगीची उपहासगीते' असं लिहिलं. विषय सुचायचं कारण आमचा जिल्हाच. बाजारपेठेतल्या शेठजींच्या घरी लग्न असलं की बायका मारवाडीतून व्याह्याची धिंड काढतात. नवापूरच्या बाजूला तोच उद्योग गुजरातीतून चालतो, त्याला तिथे फटाणां म्हणतात. वर सातपुड्यात भिलीतून, आणि आमच्या सपाटीवर अहिराणीतून. एवढ्याशा मुलखात माणसाची चार भाषांमधून अब्रू काढून घ्यायची सोय आहे. अभ्यासकाला आणखी काय पाहिजे?

मी हिंडलो. सातपुड्यातल्या काठी गावी होळीसाठी गेलो तेव्हा एका बाईने मला भिलीत लांबलचक गाणं म्हणून दाखवलं. अर्थ सांगायला बरोबर जो गृहस्थ होता तो ऐकता ऐकता हसून इतका लोळला की मला फक्त एवढंच कळलं की त्यात कुणाच्या तरी जावयाचा आणि एका बोकडाचा संबंध आहे. नवापुरात एका गुजराती काकूंनी फटाणां गाताना माझंच नाव घालून दाखवलं, नमुना म्हणून. शेठजींकडच्या मारवाडी आजींनी गायला नकार दिला, पण मला जेवू घातलं आणि मी जिना उतरायला लागल्यावर वरून चार ओळी फेकल्या.

सगळं गोळा करून मी मोठ्या उमेदीने एक तक्ता केला. निष्कर्ष असा होता: चारही भाषांत व्याह्याचं पोट मोठं असतं, विहिणीची जीभ लांब असते, आणि वऱ्हाडी नुसते जेवायला आलेले असतात.

सरांनी तक्ता चष्म्याच्या खालून पाहिला, मग वरून पाहिला. सर उंच, हडकुळे, बाराही महिने छत्री बाळगणारे. विद्यार्थ्यालाही 'अहो' म्हणणारे. ते म्हणाले, "अहो, हे संशोधन आहे की आचाऱ्याची तक्रार?"

"सर, पण चारही ठिकाणी पोट..."

"पोट वर असतं. खोल जा. आपण विहीर खणतोय, झाड लावायचा खड्डा नाही. या सगळ्या शिव्यांच्या तळाशी काहीतरी आदिम असणार. एखादं दैवत, एखादं मिथक. ते आणा."

ते आणायला मी कळसाडीला गेलो.

कळसाडीच्या एका लग्नात एक आक्का गाणार होत्या. त्यांच्याबद्दल असं ऐकलं होतं की त्यांचं गाणं ऐकून एकदा एक नवरदेव घोड्यावरून उतरून चालायला लागला होता, आणि त्याची समजूत काढायला घोडेवाल्याला पाठवावं लागलं होतं. आक्का सडसडीत, कपाळावर भलंमोठं कुंकू, आणि बोलताना एक डोळा बारीक. मांडवात बायका बसल्या होत्या. मी त्यांच्या पुढ्यात, त्यांच्याकडे पाठ करून बसलो, म्हणजे त्यांना संकोच वाटायला नको. हातात मोबाइल, रेकॉर्डिंग नीट होतंय का ते तपासायला कानात इअरफोनची वायर.

मागून आक्कांचा आवाज आला. "मास्तर, तू बायास्मा बठीसन काय करी ऱ्हायना?"

"आक्का, गाणी गोळा करतोय. परीक्षेसाठी."

"शिव्यास्नी बी परीक्षा ऱ्हास का?"

"हो. मोठी असते."

"मंग आम्ही समद्या पास!" बायका खिदळल्या. त्यांनी दोन-तीन गाणी म्हटली. पोट, जीभ, जेवण. मी दर गाण्यानंतर म्हणायचो, आणखी म्हणा, आणखी म्हणा. शेवटी मीच तोंड उघडून माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला. म्हटलं, "आक्का, हे नेहमीचं झालं. एखादं फार जुनं म्हणा ना. ज्यात चंद्र, तारे, देव असं काहीतरी असेल."

मागे बायकांची कुजबुज झाली. आता मला कळतं की त्या वेळात आक्का काय न्याहाळत होत्या. मग त्या म्हणाल्या, "शे एक. पन ते मानूससमोर गाता येस नई. तू जेवाले जाय. डबी आठेच ऱ्हाऊ दे."

डबी म्हणजे माझा मोबाइल. मी उठलो तर त्यांनी थांबवलं. "आनि एक ध्यानमा ठेव, मास्तर. आमना गावमा ज्याना वर गानं म्हनं, त्यानी गाईसन जबाब देवाले पाहिजे. जबाब नई दिना, ते गानं त्याना दारमा उभं ऱ्हास."

ज्याच्यावर गाणं म्हटलं त्याने गाऊनच उत्तर द्यायचं, ही रीत मी लगेच मनात टिपली. पुढे प्रबंधात तिची तळटीप केली, तिला 'प्रतिगीताचे ऋण' असं नावही दिलं. तेव्हा एवढंच कळलं नाही की ही मला दिलेली नोटीस आहे.

मी वरण-बट्टी खायला गेलो. मांडवातून हसण्याच्या लाटा येत होत्या. मी शेजाऱ्याला म्हणालो, "परंपरा अजून जिवंत आहे." तो म्हणाला, "वांग्यानी भाजी घ्या."

परत आलो तर बायकांनी पदर तोंडात कोंबले होते. आक्कांनी मोबाइल माझ्या हातात ठेवला. "घर जाईसन ऐक. मंग जबाब दे."

"नक्की देईन, आक्का," मी म्हणालो. मला वाटलं, रेकॉर्डिंग कसं आलंय ते त्यांना कळवायचं आहे.

घरी जाऊन ऐकलं ते गाणं हे:

मोऱ्हे चार डोया, मांगे चांद उगना वं
चांदना शेजारे काया तारा जागना वं
हातमा डबी, कानमा दोरी
बायास्ना गाना करस चोरी वं
शबद खास, च्या पेस, पोट भरस नई वं
'आखो म्हना, आखो म्हना', घर जास नई वं

म्हणजे पुढे चार डोळे, मागे चंद्र उगवलेला, चंद्राशेजारी काळा तारा. हातात डबी, कानात दोरी, बायकांची गाणी चोरतो. शब्द खातो, चहा पितो, तरी पोट भरत नाही. आणखी म्हणा, आणखी म्हणा करतो, घरी जात नाही.

तुम्ही आता कपाळावर हात मारून घेतला असेल. चष्मा मी लावतो. डबी माझी, दोरी माझी, 'आणखी म्हणा' तर माझंच. आणि अहिराणी मला कळत नाही असंही नाही. माझी आई मला रागावली त्याच भाषेत. गाण्यातला शब्दन् शब्द मला समजला. फक्त माणूस समजला नाही. कारण मी जुनं गाणं मागितलं होतं, म्हणून मला मिळालं ते जुनंच असणार अशी माझी खात्री होती. आणि तो चंद्र. तो चंद्र नसता तर कदाचित मी सुटलो असतो. माझ्या डोक्याला मागे चंद्र आहे हे मला माहीतच नव्हतं. समोरून आरशात बघितलं तर केस बऱ्यापैकी होते.

सरांना गाणं फोनवर वाचून दाखवलं. पलीकडून कागदावर भराभर पेन धावल्याचा आवाज आला.

"सर?"

"अहो," सरांचा आवाज बदलला होता. "हा काव्य चोरणारा आहे! उत्तरेकडच्या थंड देशांत म्हणे काव्य चोरून आणणाऱ्या देवाची कथा आहे, मी एका इंग्रजी पुस्तकात वाचलंय. कुठे अग्नी चोरतात, कुठे बीज चोरतात. आणि आपल्याकडे, अहो आपल्याकडे शहादा तालुक्यात, शब्द खाणारा चंद्रधारी!"

"चार डोळे, सर?"

"चार दिशा."

"डबी?"

"ब्रह्मांड."

"कानातली दोरी?"

"नाळ. सृष्टीशी जोडणारी."

मी जरा घाबरत विचारलं, "आणि चहा?"

"चहा प्रक्षिप्त आहे," सर तत्क्षणी म्हणाले. "मूळ पाठात सोम असणार."

"आणि घरी जात नाही ते, सर?"

यावर सर गहिवरले. "अनिकेत," ते हळूच म्हणाले. "ज्याला घरच नाही असा."

त्या दिवसापासून माझा प्रबंध धावू लागला. मी गुजराती गाण्यांतला चंद्र आणला, मारवाडीतला आणला, भिलीतला आणला, संस्कृतातल्या चंद्राच्या डागावर तर स्वतंत्र टिपण केलं. काळ्या ताऱ्यासाठी मी पार दक्षिणेपर्यंत गेलो, म्हणजे ग्रंथालयात. ज्या ज्या भाषेत चंद्र सापडला त्या त्या भाषेतून उचलून मी तो माझ्या स्वतःच्या डोक्यामागे नेऊन बसवत होतो. सरांनी त्या दैवताला नाव दिलं, कृष्णतारकाधर. एका चर्चासत्रात त्यांनी त्याच्यावर निबंध वाचला, फळ्यावर गोल काढला, शेजारी ठिपका दिला, आणि मागे सरून स्वतःच त्याच्याकडे बघत राहिले. सर त्या काळात तरुण दिसायचे. छत्री दोनदा विसरले.

प्रबंधाच्या प्रती बांधून आल्या. आता तोंडी परीक्षा आहे, जरा माणसात यावं म्हणून मी केस कापायला गेलो. दुकानदाराने नवीन दुकान थाटलं होतं. पूर्वी एक आरसा होता, आता कापून झालं की मागे दुसरा छोटा आरसा धरून दाखवायची पद्धत त्याने सुरू केली होती. त्याने तो धरला.

समोरच्या आरशात एक चंद्र उगवला.

पौर्णिमेचा म्हणता येणार नाही, पण द्वादशी-त्रयोदशीचा नक्की. आणि त्याच्या डाव्या अंगाला हरभऱ्याच्या डाळीएवढा काळा कुळकुळीत तीळ.

"मांगे तीळ शे सर, म्हनीसन वस्तरा जपीसन फिराया," दुकानदार म्हणाला.

मी म्हणालो, "आरसा जरा डावीकडे घ्या."

त्याने घेतला.

"आता उजवीकडे."

"सर, दोन्हीकडथून तेच दिसी."

मी तरी बघत राहिलो. मला आधी तीळ दिसत होता, मग तारा दिसायला लागला, मग प्रकरण चौथे दिसायला लागलं. समोर आरशात चष्मा. चार डोळे. दुकानदाराने टेबलावर चहा ठेवला होता. मी तो चहा प्यायलो नाही. उगाच पाठ पक्का व्हायला नको.

बाकी माणसांना स्वतःचं टक्कल कळतं तेव्हा वाईट वाटत असेल. मला घाम फुटला. मी तिथूनच थेट सरांकडे गेलो. वाटेत वाक्य पाठ करत होतो: सर, तो चंद्र माझा आहे. सोपं वाक्य. कर्ता, क्रियापद, सगळं जागेवर.

सरांनी दार उघडलं आणि माझ्या हातात पेढा ठेवला. "बसा, बसा. मी तुमचीच वाट बघत होतो. अहो, मी नोकरीभर दुसऱ्यांच्या संशोधनांवर सह्या केल्या. चांगली होती, वाईट होती, सही केली. पण पहिल्यांदा असं झालंय की सकाळी उठावंसं वाटतं. आता मी यावरच काम करणार. निवृत्तीनंतर पुस्तक करीन." मग माझ्याकडे निरखून पाहिलं. "केस कापलेत वाटतं? छान. तुम्ही काहीतरी बोलणार होतात."

"सर..." मी म्हणालो.

"हं?"

"पेढा छान आहे."

ते माझ्या आयुष्यातलं सर्वांत भित्रं वाक्य. त्याचं काहीच कारण सांगता येत नाही, मला पदवी हवी होती हे सोडून. सरांचा आनंद वगैरे होताच. पण तो मी नंतर पुढे केला, स्वतःला सांगायला.

दुसऱ्या दिवसापासून मी टोपी घालायला लागलो. बायको म्हणाली, "ऊन आहे म्हणून का?" मी म्हणालो, हो. पावसाळ्यात तिने पुन्हा विचारलं नाही. तिला वाटलं, डॉक्टर झाल्यावर घालतात. तोंडी परीक्षेलाही टोपी घालून गेलो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कपाळाला आठ्या घालून पाहिलं, तर सर म्हणाले, "त्यांचा कान दुखतो." मग परीक्षकांनी विचारलं, "या दैवताचं कुठे ठाणं, मूर्ती वगैरे पाहण्यात आली का?"

मी म्हणालो, "ते भटकं दैवत आहे, सर. एका जागी नसतं."

"आता कुठे असेल, अंदाजे?"

"याच भागात," मी म्हणालो. तेवढं मात्र खरं बोललो.

डॉक्टर झालो. सर निवृत्त झाले, पुरुषोत्तमनगरला मुलाकडे राहायला आले आणि पुस्तक लिहायला बसले. मी त्यांच्याकडे जायचो, साखर कारखान्याच्या मळीचा वास, समोर चहा, आणि सर एकेक पान वाचून दाखवायचे. मी टोपी घालून ऐकायचो. दर वेळी वाटायचं, आज सांगू. दर वेळी आणखी एखादी भाषा सामील झालेली असायची. बंगाली आली, पंजाबी आली. सरांनी तर कानडी शिकायला घेतलं होतं, या वयात, माझ्या टकलापायी.

आणि मग माझ्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, घर चांगलं, गाव कळसाडी. मी चेहरा सरळ ठेवून विचारलं, घरात कोण कोण? आईवडील, एक बहीण, आणि आजी. बैठकीला गेलो, तर आजी ओट्यावर बसल्या होत्या, कपाळावर तेच भलंमोठं कुंकू. त्यांनी एक डोळा बारीक केला.

"मास्तर," आक्का म्हणाल्या, "जबाब ऊना नई." खरंच आलेला नव्हता.

लग्न आमच्याकडे झालं. मी सकाळपासून फेटा इतका घट्ट बांधून घेतला होता की भुवया वर गेल्या होत्या आणि फोटोंमध्ये मी प्रत्येक पाहुण्याला बघून चकित झालेला दिसतो. सर पहिल्या रांगेत, छत्री मांडीवर. मला धाकधूक एकच होती: सर आणि आक्का एका मांडवाखाली होते. गाणं जिचं आणि गाण्याचा अर्थ ज्यांचा, ती दोन माणसं, मध्ये मी.

व्याहीभेटीला आमचे व्याही पुढे आले. भरलेले गृहस्थ, चारही भाषांमधल्या वर्णनाला उतरणारे. त्यांनी प्रेमाने मला मिठी मारली आणि उचललं. मला उचललं तसा फेटा मांडवाच्या झालरीत अडकला. त्यांनी मला खाली ठेवलं, फेटा वरच राहिला.

मी सरांकडे पाठ करून उभा होतो.

मग बायकांच्या घोळक्यातून आक्कांचा आवाज चढला, "मोऱ्हे चार डोया, मांगे चांद उगना वं..." आणि मागून सगळ्या बायकांनी ओळ उचलली. म्हणजे इतक्या वर्षांत त्यांनी ते गावभर गायलं होतं, सगळ्यांना पाठ होतं. 'काया तारा'ला आक्कांनी येऊन तिळावर बोट ठेवून दाखवलं. वऱ्हाड लोळत होतं. माझी बायको हसत होती. माझी मुलगी, नवरी, मुंडावळ्या सावरत हसत होती.

झालं, मी म्हटलं. सुटलो. आता सर उठतील, माझ्याकडे येतील, म्हणतील, अहो, म्हणजे हे... आणि मी म्हणेन, हो सर. बोलायचं काम माझ्या डोक्यानेच करून टाकलं, मागच्या बाजूने का होईना.

सर खरंच उठले. छत्री खाली पडली. ते माझ्या मागे आले, चष्मा काढला, पुसला, लावला, आणि माझ्या टकलाकडे फार जवळून पाहिलं. त्यांचा श्वास मला लागत होता. गाणं संपेपर्यंत ते तसेच उभे होते. मग त्यांनी माझे खांदे धरून मला फिरवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"पाहिलंत?" सर म्हणाले. "पाहिलंत ना? परंपरा अजून जिवंत आहे! इतकं प्राचीन गाणं, आणि या बायकांनी ते कसं तुमच्यावर आरोपित केलं! तुमच्या डोक्यावर योगायोगाने एक तीळ काय दिसला, त्यांना क्षणात कृष्णतारकाधर आठवला! अहो, हा पुरावा आहे. हे पुस्तकात घालायलाच पाहिजे."

मी तोंड उघडलं. त्या वेळी तरी बोलायला हवं होतं. पण तेवढ्यात आक्कांनी टाळी वाजवली. "जबाब दे, मास्तर! समदा बठेल शेतस. दे जबाब!"

सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. चार भाषांमधली शिव्यांची गाणी मी जमवली, त्यांचे छंद, अलंकार, रचनातत्त्व सगळं लिहिलं. पण त्या क्षणी मला एक ओळ सुचेना. आक्कांकडे पाहिलं, कुंकवावरून काहीतरी सुचेल म्हणून. सुचलं ते एवढंच की कुंकवाची प्रतिमा मारवाडी गीतांतही आढळते. घसा खाकरला आणि माझ्या तोंडून शुद्ध मराठीत बाहेर पडलं, "आलेल्या सर्वांचा मी अत्यंत आभारी आहे."

इतकं मोठं हसू त्या मांडवाने दिवसभरात दुसरं ऐकलं नाही. माझ्या बायकोने मला वाचवायला पदर खोचला, ती चांगली गाते, पण आक्कांनी हात आडवा केला. "तुन्हा जबाब चालाव नई, माय. हाई चांदनंच देनं शे." मग माझ्याजवळ येऊन, माझा फेटा झालरीतून सोडवून माझ्या हातात देत हळूच म्हणाल्या, "कितला दिन गानं दारमा उभं ठेवशी, मास्तर? त्याना बी पाय दुखतस."

तेव्हापासून टोपी घालायचं सोडलं आहे. उपयोग नाही. ज्यांना माझं टक्कल माहीत आहे त्यांनी प्रबंध वाचलेला नाही, आणि प्रबंध वाचलेले सर त्या टकलाला पुरावा म्हणतात. मुलगी माहेरी आली की सांगते, आजेसासूबाई रोज विचारतात, तुन्हा बाप काही बोलना का? मी नाही म्हणायला सांगतो. अधूनमधून एखादी ओळ जुळवून बघतो. परवा एक जमत आली होती, आक्कांच्या बारीक डोळ्यावर, पण तिच्यात मला लगेच तळटीप द्यावीशी वाटली आणि ती मेली.

काल सरांचा फोन आला. मुखपृष्ठ तयार झालंय. काळ्या आकाशात पिवळा गोल, शेजारी ठिपका. चित्रकाराला सरांनी लग्नातला माझा मागून काढलेला फोटो दिला होता, संदर्भासाठी. "हुबेहूब आलंय," सर आनंदाने म्हणाले. "तुमच्या प्रस्तावनेसाठी छापखाना थांबलाय, अहो."

मी म्हणालो, लिहितोय. लिहिली ती ही. ती घेऊन पुरुषोत्तमनगरला जायचं आहे, टोपी न घालता, आणि सर पेढा देतील त्याच्या आधी त्यांच्या हातात ठेवायची आहे. त्यांचा चेहरा कसा होईल ते मला माहीत नाही. पुस्तक छापून आल्यावर दुसऱ्या कुणीतरी हसत त्यांना सांगण्यापेक्षा, छापायच्या आधी मी सांगितलेलं बरं, एवढंच कळतं. कानडी शिकलेलं वाया जाणार नाही, हेही सांगणार आहे.

सरांना मी एक वाक्य देणं लागतो: तो चंद्र माझा आहे. आक्कांना मी अहिराणीतल्या चार ओळी देणं लागतो, त्याही उभं राहून, गाऊन. दोन्ही अजून दिलेलं नाही.